पहिला मुक्काम पायी

दसरा झाला की आमचं गाव रिकामं व्हायला लागायचं. पाथर्डी तालुक्यातलं कोरडवाहू गाव. बाजरी घरात आली की रानात करण्यासारखं काही उरत नसे, आणि विहिरीचं पाणी दिवाळीपर्यंत तळाला गेलेलं असे. मग ऊसतोडीचा मुकादम दारात यायचा आणि विचारायचा, तुमच्या घरचे कोयते किती? आमच्याकडं माणसं मोजायची रीत अशी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणायचे, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत जागा नसे. म्हणून आमच्याकडची लग्नं दसऱ्याच्या आत उरकायची घाई.

आई आणि आबा मिळून एक कोयता होते. मी बैलगाडीत पाण्याची घागर आणि पिठाचा डबा यांच्यामध्ये बसवलेली. एकुलती एक. माझ्या पाठचे दोघं राहिले नाहीत. त्याबद्दल आई कधी बोलली नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

पहिलीत मी दोन वर्षं होते. ढ होते म्हणून नाही. दिवाळीनंतर मी शाळेत नसायचेच. होळीनंतर परत यायचे तेव्हा बाकीची पोरं जोडाक्षरांवर गेलेली असायची. साखर कारखान्याच्या तळावर आमचं घर म्हणजे कोपी. बांबूच्या कामट्यांवर चटई आणि वर उसाचं पाचट. उभं राहिलं की डोकं लागायचं. पहाटे आईबरोबर मला फडात नेऊन पाचटाच्या ढिगात बसवत. थंडीत पाचट ऊबदार लागतं, पण हात कापतं. आईच्या तळव्यांवर तर इतक्या चिरा होत्या की ती माझ्या केसांतून हात फिरवायची तेव्हा केस अडकायचे.

हे सांगितलं ते कोणाला हळहळ वाटावी म्हणून नाही. पुढं जे सांगायचं आहे ते याच रस्त्याचं आहे, म्हणून.

गावाहून श्रीरामपूरकडच्या त्या कारखान्यापर्यंत गाडीचे पाच मुक्काम होते. मिरी, पांढरीचा पूल, वडाळा, नेवासा, टाकळीभान, आणि मग कारखाना. दहा-बारा गाड्या एकामागं एक निघायच्या. चढाला आई खाली उतरून चालायची, बैलांना तेवढंच ओझं कमी. कुठल्या विहिरीवर मालक पाणी भरू देतो आणि कुठं कुत्रं सोडतो, हे तिला पाठ होतं. मुक्कामाला चुलीसाठी तीन दगड शोधायचे. सकाळी निघताना निखारे विझवायचे, राख पसरायची, पण दगड हलवायचे नाहीत. मागून येणाऱ्या टोळीला ते लागतात. ही सगळ्यांची रीत होती. दगड लाथाडून जाणाऱ्याला बायका वाटभर बोलून घ्यायच्या. आई दरवर्षी आपले दगड ओळखायची. मला ते सगळे दगड सारखेच दिसायचे.

पुढं मुकादमानं ट्रक आणला. आबांनी बैल विकले. त्याच वर्षी मी तिसरीत गेले आणि आईनं मला गावातच मावशीकडं ठेवलं, शाळा बुडू नये म्हणून. ट्रक संध्याकाळी निघाला. आई मागच्या फळीला धरून उभी होती. मी रडले नाही, कारण मावशीनं सांगितलं होतं की रडलीस तर ती उतरेल.

तिथून पुढं मी शिकत गेले. तालुक्याला बोर्डिंग, मग नगरला कॉलेज आणि मुलींचं हॉस्टेल. बारावीला गणितात चांगले मार्क पडले तेव्हा एका मॅडमनी सांगितलं, संगणक विषय घे. मी तोवर संगणक फक्त फोटोत पाहिला होता. घेतला.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. त्या दिवाळीला घरी गेले, तर जेवण झाल्यावर आबांनी सांगितलं की शेजारच्या गावचं स्थळ आलंय. मुलगा कष्टाळू, टोळीत त्याच्या घराला मान, पण अर्धा कोयता. त्यांना हंगामाच्या आत लग्न हवं होतं. आबांनी त्यांना एक वर्ष थांबवलं होतं.

आबा माझ्याकडं न पाहता म्हणाले, "निकालापर्यंत मी कुनाचं ऐकनार न्हाई. पास झालीस तर तू तुझ्या वाटंनं. पर नापास झालीस तर मग माझ्या हातात काय ऱ्हात न्हाई, बाई."

ते रागावून बोलले नव्हते. खरं तेवढं बोलले होते. भावकीला त्यांनी किती दिवस तोंड दिलं असेल, हे मला कळत होतं. अभ्यासाची मला भीती नव्हती. भीती होती प्रोजेक्टची. तो जोडीनं करायचा, त्यात वेगळं पास व्हावं लागायचं, आणि बाहेरचे परीक्षक येऊन समोर बसायचे. आदल्या वर्षी त्यात चार जोड्या नापास झाल्या होत्या.

आमच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या एका मशीनवर कोणीतरी सीडीवरून एक परदेशी गेम टाकला होता. जेवणाच्या सुटीत आम्ही तो खेळायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझी प्रोजेक्टमधली जोडीदारीण. ती श्रीरामपूरची, वडील रेल्वेत, बोलायला फटकळ आणि मनानं सोन्यासारखी. ती श्रीरामपूरला घर म्हणायची. मला श्रीरामपूर म्हटलं की कोपी आठवायची. यावरून आम्ही खूप हसायचो.

तो गेम म्हणजे एक अख्खा मुलूख होता. गावं, जंगलं, किल्ले, दुकानं. कुठंही जा, कोणी अडवत नाही, अमुकच कर असं कोणी सांगत नाही. पण एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जायचं तर सुटी संपायची तरी गाव यायचं नाही. त्याला उपाय म्हणून एक नकाशा दिलेला. नकाशावर गावाच्या नावावर माऊस दाबायचा, पडदा क्षणभर काळा व्हायचा, की तुम्ही त्या गावच्या वेशीत उभे. मधले आठ दिवस गेमनंच कापून टाकलेले. आम्ही त्याला उडी म्हणायचो.

ती सदा उडी मारायची. मी चालायचे.

"अगं, जन्मभर चाललीस, अजून पोट भरलं नाही का तुझं?" ती म्हणायची.

"तू एक तरी गाव पाहिलंस का? नुसत्या वेशी पाहिल्यास," मी म्हणायचे.

हे भांडण आमचं वर्षभर चाललं. तिचं म्हणणं असं, की गेम कशासाठी, तर मजेसाठी. तलवार आणायला जायचंय, तर तलवारीपाशी जा. मधलं रान तुडवायला कोणाला वेळ आहे? माझं म्हणणं, उडी मारायचीच तर एवढा मुलूख केला कशाला? चार खोल्या केल्या असत्या तरी चाललं असतं. उडी मारून मारून तिच्या डोक्यात तो मुलूख नावांची यादी झाला होता. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, तिला सांगता यायचं नाही. मला यायचं.

पण प्रामाणिकपणे सांगते, त्या रस्त्यावर काही नव्हतंच. तेच झाड, तीच टेकडी, पुन्हा तेच झाड. एक माणूस नाही की विहीर नाही. ज्यानं तो गेम केला तो त्या रस्त्यानं स्वतः कधी गेला नसावा. रिकामा रस्ता करून ठेवला आणि मग तो चुकवायची सोय करून दिली. माझ्या मनात आलं, रस्त्यावर काही असतं तर?

त्यातून आमचा प्रोजेक्ट निघाला. बाकीच्या जोड्या ग्रंथालयाची नोंदणी नाहीतर दवाखान्याची नोंदणी करत होत्या. आम्ही प्रोजेक्टच्या सरांना सांगितलं, आम्ही गेम करतो. बैलगाडी, पाच मुक्काम, शेवटी कारखाना. सर म्हणाले, ग्रंथालय करा आणि पास व्हा. मी हट्ट धरला. जोडीदारणीनं माझ्या बाजूनं हट्ट धरला. सरांनी परवानगी दिली, पण बजावलं की परीक्षकांपुढं मी तुमची वकिली करणार नाही.

ती चित्रं काढायची, मी रस्ता करायचे. चित्रं म्हणजे काय, रंगीत चौकोनच. दोन तांबडे चौकोन म्हणजे बैल, वर दोन रेघा म्हणजे शिंगं. तिला बैलाची शिंगं नीट जमेनात, शेळीची वाटायची. मी रस्त्यावर एकेक गोष्ट मांडत गेले. पाणी देणारी विहीर, न देणारी विहीर, कुत्रं, चढ, चढाला खाली उतरायचं, नाहीतर बैल बसतात. दोन रस्ते फुटतात तिथं खूण म्हणून लिंबाचं झाड. बैलांची तहान दाखवायला वर एक पट्टी, ती तांबडी व्हायला लागली की पाणी शोधायचं. नाताळच्या आसपास गेम उभा राहिला. मला तो इतका आवडला की मी सारखी खेळत बसायचे. गाव ते कारखाना, पाऊण तास.

सरांनी घड्याळ लावून पाहिला आणि म्हणाले, "परीक्षक एका जोडीला दहा मिनिटं देतात. त्यांना मिरीसुद्धा दिसणार नाही."

मी म्हटलं, उडी ठेवणार नाही. उडी ठेवली तर हा रस्ता केला कशाला?

दोन दिवसांनी मी दुसऱ्या विषयाच्या प्रात्यक्षिकाला गेले असताना जोडीदारणीनं नकाशा करून टाकला. सहाही नावं उघडी. मी आले तेव्हा हॉस्टेलमधली एक मुलगी खेळायला बसवलेली होती. तिनं नकाशा उघडला, कारखाना दाबला, तीन सेकंदात पोचली आणि मागं वळून विचारलं, "संपला?"

तिचा काही दोष नव्हता. दरवाजा उघडा ठेवला तर माणूस आत येणारच. मी मात्र जोडीदारणीवर तुटून पडले. तीही गप्प बसणारी नव्हती.

"मला पास व्हायचंय. तुझ्या आठवणींचं प्रदर्शन भरवायचं नाही," ती म्हणाली. आणि मग हळू आवाजात, "नापास झालो तर मी पुन्हा बसेन गं. तुझं लग्न लावतील."

मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. ती बरोबर बोलली होती, म्हणून जास्त राग होता.

संक्रांतीची सुटी आली. हॉस्टेलमध्ये बसून राहण्यापेक्षा म्हटलं आई-आबांना भेटून यावं. नगरहून श्रीरामपूरची एस.टी. धरली, पुढं कारखान्याच्या तळापर्यंत चालत गेले. कोपीत कोणी नव्हतं. फडाकडं गेले तर आबा पुढं लांब ऊस तोडत होते आणि आई मागं मोळी बांधत होती. मला पाहिलं आणि तिनं आधी कोयता खाली ठेवला, मग पदरानं हात पुसले, आणि मग माझा चेहरा धरला. मग म्हणाली, "वाळलीस." मी वाळले नव्हते. हॉस्टेलच्या भातानं सुटले होते.

मी तिच्याबरोबर मोळ्या बांधायला लागले. तिनं दोनदा हाकललं, मग बांधू दिल्या. बांधता बांधता मी तिला प्रोजेक्टचं सांगितलं. संगणकात आपला रस्ता केलाय म्हटल्यावर तिला हसू आलं. कशाला, म्हणाली, एवढा मोठा लागून गेलाय का त्यो रस्ता? पण मग बांधावर बसून मी काडीनं मातीत रस्ता काढला तेव्हा ती वाकून पाहायला लागली आणि चुका काढायला लागली. वडाळ्याच्या अलीकडं पाण्याची टाकी राहिली. पांढरीच्या पुलापाशी उतार, तिथं गाडी सावरायला मागून ओढून धरावी लागते. ही विहीर त्या अंगाला. बारा वर्षांपूर्वीचा रस्ता, आणि तिला एकेक दगड माहीत.

मी विचारलं, आणि ट्रकचा रस्ता? त्यावर काय काय आहे?

ती म्हणाली, "ट्रकचा रस्ता मी बगितलाच न्हाई."

आणि मग तिनं मला जे सांगितलं ते मी तोवर ऐकलेलं नव्हतं. मला मावशीकडं ठेवून गेली ते ट्रकचं पहिलं वर्ष. ताडपत्रीखाली चाळीस माणसं, सगळी झोपलेली. ट्रकनं आधी दुसरी टोळी पुढच्या कारखान्यावर उतरवली आणि मग माघारी फिरून यांना या तळावर आणलं; गाडीच्या वेळचा तळ वेगळ्या जागी होता. ट्रक ज्या बाजूनं तळावर शिरला त्या बाजूला आपलं गाव, असं आईनं धरलं. गाडीनं आली असती तर असं झालंच नसतं. गाडी ज्या बाजूनं यायची त्या बाजूलाच गाव असायचं. तिनं कोपीचं दार त्या दिशेला केलं. आणि रोज दिवेलागणीला, फडातून आल्यावर, दारात उभं राहून गावाकडं तोंड करून ती माझी दृष्ट काढायची. मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायची. एक दिवस चुकवला नाही.

होळीनंतर दिवसाउजेडी परतीचा ट्रक निघाला आणि उलट्या बाजूला वळला. आईला वाटलं ड्रायव्हर चुकला. तिनं आतून फळी बडवून ट्रक थांबवला आणि खाली उतरून त्याच्याशी भांडली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तुमचं गाव काय नाशिकला हाय का?" सगळी टोळी हसली.

आई सांगतानाही हसत होती. "समदा हंगाम नाशिकच्या कुन्या पोरीची दिष्ट काढली बग मी. तिचं लई भलं झालं आसंल."

मला हसू येईना. मी मातीतल्या रस्त्याकडं पाहत बसले. मग मी रागानंच म्हटलं, बघ, म्हणूनच मी उडी ठेवत नाही. माणसाला नुसतं उचलून नेऊन टाकलं की असंच होतं. ट्रकच वाईट.

आईनं मान हलवली. "तसं नगं म्हनूस. त्याच्या म्होरल्या वर्सी तुला टायफाड झाल्ता. मावशीचा निरोप आला आन दुसऱ्या दिशी दुपारी मी तुझ्या उशाला हुते. यष्टीनं. त्या दिशी मला रस्ता बगायचा नव्हता, माय. मला तू बगायची हुतीस."

नंतर ती उठली, कोयता घेतला आणि कामाला लागली, कारण ट्रक भरायची वेळ झाली होती. निघताना तिनं माझ्या पिशवीत तिळाच्या वड्या टाकल्या आणि रस्त्यातली ती टाकी तेवढी घाल, असं बजावलं.

परत येताना एस.टी.त मी खिडकीपाशी बसले. राहुरी गेली, कुठून गेली कळलं नाही, इतकी विचारात होते. आईनं सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एक खरी म्हणून दुसरी खोटी होत नव्हती. न पाहिलेल्या रस्त्यावरून उडी मारली की माणसाला आपलं गाव कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही. आणि ओळखीच्या रस्त्यावर, घाई असताना, कोणी बळंच चालायला लावलं तर तो छळच. एस.टी.नं येताना आई वाट चुकली नाही, कारण नेवासा आलं, वडाळा आलं, हे तिला आधी पायांनी ठाऊक होतं.

नगरला उतरले ती थेट जोडीदारणीकडं गेले. तिच्या हातात वड्या ठेवल्या आणि सांगितलं, तुझा नकाशा राहू दे. फक्त नावं बंद ठेवायची. ज्या मुक्कामाला माणूस पायी पोचेल आणि तिथं चुलीचे तीन दगड मांडेल, तेवढंच नाव उजळेल. उजळलेल्या नावावर कितीही उड्या मारा. अंधाऱ्या नावावर नाही.

तिनं वडी तोंडात टाकली, चावली, आणि म्हणाली, "म्हणजे माझं पण खरं."

"अर्धं," मी म्हटलं.

पहिला मुक्काम चार मिनिटांत होईल एवढा रस्ता आम्ही आवळला. मला ते जिवावर आलं. पण काय ठेवायचं हे ठरवताना कळलं की सगळंच लागतं असं नाही. विहीर लागते, कुत्रं लागतं, चढ लागतो. सलग सहा बाभळी लागत नाहीत. आईनं सांगितलेली टाकी घातली.

मार्चमध्ये परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक वयस्क होते, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. आधीच्या जोड्यांना त्यांनी पाच-पाच मिनिटांत मोकळं केलं होतं. आमच्या मशीनपाशी बसले, पडद्यावर गाव दिसलं, दोन बैल दिसले. त्यांनी विचारलं ही शेळी का. जोडीदारीण म्हणाली, नाही सर, बैल. त्यांनी नकाशा उघडला आणि कारखाना दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला.

"पुढं जाता येत नाही?"

"सर, पहिला मुक्काम पायी करावा लागतो," मी म्हटलं.

"आणि मला नसेल करायचा तर?"

"मग गाडी इथंच उभी राहील, सर."

टेबलाखाली जोडीदारणीनं माझा पाय दाबला, चांगला जोरात. आमचे सर दारात उभे होते, त्यांनी छताकडं पाहिलं. त्या क्षणी मला आबांचा चेहरा दिसला आणि वाटलं, काय गरज होती एवढं ताठ बोलायची? पण शब्द गेला होता, आणि खोटाही नव्हता.

परीक्षकांनी बाणाची कळ दाबली आणि गाडी हलली. पहिल्या विहिरीवर कुत्रं आलं तेव्हा त्यांनी हात मागं घेतला. चढाला उतरले नाहीत, बैल बसले. मी सांगणार होते, तोवर त्यांचं त्यांना सुचलं. लिंबापाशी चुकीच्या रस्त्याला गेले, तहानेची पट्टी तांबडी झाली, तसे पुढं झुकून बसले आणि वळून विहिरीवर आले. मिरी आली. दगड मांडले. नकाशावर मिरी उजळली. दहा मिनिटं तिथंच झाली होती. शिपाई सांगायला आला की चहा आलाय आणि पुढची जोडी थांबलीय. ते म्हणाले, थांबा जरा. आणि पांढरीच्या पुलापर्यंत गेले.

आता नकाशावर दोन नावं उजळली होती. मला वाटलं ते पुढं जातील. त्यांनी मिरी दाबली. उडी मारून मागं आले आणि पडदा न्याहाळू लागले.

"सर, मागं का आलात?" जोडीदारणीनं विचारलं.

"दगड आहेत का पाहिलं," ते म्हणाले. दगड होते.

मग त्यांनी मशीनचं बटणच बंद केलं. सरळ, काही न सांगता. म्हणाले, लाईट गेली असं समजा. आता पुन्हा सगळं चालायचं का?

मशीन चालू व्हायला तेव्हा दोन-तीन मिनिटं लागायची. नगरला लाईट रोज जायची, म्हणून मी दगड मांडले की लगेच ते डिस्कवर लिहून ठेवायची सोय केली होती, खेळ संपायची वाट न बघता. पण असं मध्येच बटण बंद करून आम्ही एकदाच पाहिलं होतं. पडदा उजळला, मी गेम उघडला, नकाशा उघडला. मिरी आणि पांढरीचा पूल, दोन्ही उजळलेले. परीक्षकांनी मग फाईल कशी लिहिली ते विचारलं, मी प्रोग्रॅममधल्या त्या ओळी दाखवल्या. नकाशाची चौकशी केली, ती जोडीदारणीनं सांगितली.

उठता उठता त्यांनी विचारलं, "हा पायी जायचा नियम कोणी सुचवला?"

"आईनं."

"त्या काय करतात?"

"ऊस तोडतात," मी म्हटलं.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पेन खिशाला लावलं आणि चहाला गेले.

आज मी मुलांना शिकवते तेव्हा ती माझ्यापुढं याच विषयावर भांडतात. उडीनं खेळ बिघडतो की सुधारतो. आता मुलूख त्याहून कितीतरी मोठे झालेत. मी त्यांना एवढंच विचारते, तू तिथं आधी एकदा गेला आहेस का? आणि रस्त्यात काही होतं का? दोन्हीला हो आलं, तर मार उडी, खुशाल मार. नाही आलं, तर ज्यानं रस्ता केला त्याला जाब विचार.

जूनमध्ये निकाल लागला. आई-आबा हंगामाहून परत आलेले होते. मी गुणपत्रिका घेऊन गावी गेले. आबांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः त्या शेजारच्या गावी जाऊन स्थळाला नाही सांगून आले. आम्ही दोघी प्रोजेक्टमध्ये पास झालो होतो. मी पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. ऑगस्टपासून मी नगरच्या एका संगणक केंद्रात शिकवायला लागले.